डाव्या बाजूचा पत्रा

"आई, श्वास रोखून धरू नका. नेहमीसारखा घ्या."

"नेहमीसारखाच घेऊन राहिली मी. तूच आवळते. गाठोडं बांधून राहिली काय माह्या अंगाचं?"

मी पट्टा सोडला. सोडल्याबरोबर छातीचा पत्रा खाली घसरला आणि सासूबाईंच्या पोटावर जाऊन टेकला. पाठीचा पत्रा मी एका हातानं सावरून धरला होता, दुसऱ्या हातात खडू होता आणि तोंडात टाचण्या. त्या टाचण्यासुद्धा घामानं खारट लागत होत्या. आईंनी मान खाली घालून पोटावरच्या पत्र्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाह्य, ढिला हाय. मी म्हणलं होतं ना."

आत्ताच तर घट्ट होता! मला वाटलं, टाचण्या तिथंच थुंकाव्या आणि सरळ कराडला माहेरी निघून जावं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. परतवाड्यात आमचं कूलर बनवायचं दुकान होतं, अजूनही आहे. ते सासऱ्यांनी सुरू केलं. कूलरच्या पेट्या करता करता उरलेल्या पत्र्यांतून त्यांनी एक चिलखत बनवलं होतं. पुढं छातीचा पत्रा, मागं पाठीचा, दोन्ही बाजूंनी रिबिटा मारून जोडलेले. खांद्यावर वाट्यांसारखे दोन गोल तुकडे आणि वर चंदेरी रंग. आमच्या मोहल्ल्यात गणपतीत एक नाटक व्हायचं, वेढा पडलेल्या गडाचं. ते खोडके सरांनी लिहिलेलं, तेच बसवायचे. सर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यातला किल्लेदार दरवर्षी मामाजी करायचे, म्हणजे माझे सासरे. उंच, सडपातळ, आवाज पार मागच्या रांगेपर्यंत जाणारा. ते चिलखत त्यांनी स्वतःच्या अंगाबरहुकूम बनवलेलं होतं, आणि त्यात ते खरोखर शोभायचे.

त्या वर्षी थंडीत मामाजी गेले. गणपती जवळ आले तशी मंडळाची माणसं आमच्या घरी बसली आणि यंदा नाटक नको असं ठरवू लागली. आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या, तो टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "किल्लेदार मी करतो."

खोडके सरांनी कप उचलला होता, तो तसाच हातात राहिला. "वहिनी, पुरुषाचं काम आहे."

"काम मले पूर्ण पाठ हाय. ते घरी म्हणत तेव्हा बाकीच्या साऱ्यायचं मीच तर म्हणत होती. तुमच्या नाटकात सोंग कराचं हाय का कुस्ती खेळाची हाय?"

त्यांनी तिथंच, पदर कमरेला खोचून, किल्लेदाराचं पहिलं भाषण म्हटलं. सर चहा प्यायचं विसरले. माझा नवरा प्रफुल्ल दारात उभा होता, तो खाली मान घालून दुकानात निघून गेला. काम आईंना मिळालं.

आणि चिलखत माझ्या गळ्यात आलं. कारण मी घरी ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवते. ज्या बाईला बाही बसवता येते तिला चिलखतही बसवता येईल, असा आमच्या मोहोडांच्या घरातला हिशेब.

माळ्यावरून ते काढलं तेव्हा उंदरांनी पट्टे खाल्ले होते, काही रिबिटा गळाल्या होत्या, काखेच्या कडेला गंज धरला होता. ती दुरुस्ती काही कठीण नव्हती. कठीण होत्या आई. मामाजी उंच नि सडपातळ, आई बुटक्या आणि अंगानं भरलेल्या. चिलखत लांबीला गुडघ्याकडे निघालं होतं आणि रुंदीला अंगात शिरतच नव्हतं. त्यात आईंची अट.

"कात्री लावाची नाही. एक बी जागी नाही. त्यायच्या हातचं हाय ते."

"अहो, पण न कापता बसवायचं कसं?"

"ते तू पाह्य. शिवणकाम मी करतो का तू?"

मी प्रफुल्लकडे पाहिलं. तो म्हणाला, "आईला पसंत पडेल असं आजवर या घरात काही झालंय का? कर तू कसंही," आणि गिऱ्हाईक आलं असं सांगून पुढं सटकला. गणपतीच्या दिवसांत कूलरला कुठलं आलंय गिऱ्हाईक!

तर मी कसंही केलं. बाजूच्या रिबिटा काढून दोन्ही पत्रे सुटे केले. मधल्या जागेत तपकिरी रेक्झिनच्या रुंद पट्ट्या बसवल्या, त्यांना भोकं पाडून जाड नाडी ओवली, म्हणजे बुटासारखी हवी तेवढी ओढता यावी. खांद्याचे पट्टे नवे लावून आखूड केले, त्यामुळे पत्रा वर उचलला गेला. तरी बसताना खालची कड मांडीत घुसायचीच. शेवटी प्रफुल्लनं ती हातोडीनं बाहेर वळवून दिली. ती बादलीच्या काठासारखी दिसायला लागली, पण आई बसू शकल्या. हे सगळं सांगायला सोपं. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी आईंना बोलवायचं, त्या भाजी चिरायला बसलेल्या, मग येतो म्हणायचं, मग यायचं नाही. आल्या की मध्येच कुणाचा तरी आवाज ऐकून अर्ध्या चिलखतात फाटकाशी जाऊन बोलत उभं राहायचं. शेजारच्या काळमेघबाई तर रोज पाहायला यायच्या.

"काहून वं सुभद्राबाई, दळण टाकाचा डबा घातला काय अंगात?"

"सुनेनं बनवला," आई म्हणायच्या. चांगलं झालं की त्यायच्या हातचं, आणि डबा झाला की सुनेनं बनवलेला.

आणि मग ती डावी बाजू सुरू झाली.

"इथं रुतते," आईंनी काखेच्या जरा खाली, पत्र्याच्या बाहेरून बोट ठेवून सांगितलं.

मी कड घासून गुळगुळीत केली. रुतते. जुन्या सोफ्याचा फोम कापून आतून चिकटवला. आता जास्त रुतते. मी फोम काढला, पत्रा वाळूच्या पिशवीवर उपडा ठेवला आणि आतून लाकडी हातोडीनं ठोकून डावीकडे फुगवला. दुपारभर ठोकत बसले होते, शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. आईंनी घालून पाहिलं, आरशासमोर वळल्या आणि म्हणाल्या, "उजव्यापेक्षा डावीकडून फुगलेला दिसते. लोक हासतीन."

"तुम्हीच म्हणालात ना रुतते म्हणून!"

"रुतते तर हायच."

"उजवीकडे रुतत नाही, आणि डावीकडे एवढं फुगवूनही रुततं? मी दोन्हीकडचं माप एकच धरलंय, आई."

"मंग तुह्या मापात गडबड असंन."

मापात गडबड! मी टेप घेऊन पुढं झाले तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "दे, मीच सांगतो." आतल्या खोलीत गेल्या, दार लोटलं आणि आतून एक आकडा ओरडून सांगितला. तो आकडा माझ्याच आकड्यासारखा होता. वर त्या चिलखत साडीवरूनच घालायच्या, पदर गच्च लपेटून. मी म्हणत होते, मामाजींचा जुना सदरा घाला, पदराच्या चुण्यांनीच टोचत असेल. ऐकतील तर ना. मला वाटायला लागलं की हे चिलखताचं नाहीच, हे माझं आहे. हा पत्रा मी सोन्याचा केला तरी त्या रुततो म्हणणार.

शाळेच्या हॉलमध्ये दुपारी पोशाखासकट तालीम ठेवली होती. पहिला प्रवेश छान झाला. दुसऱ्यात किल्लेदार डाव्या हातातली ढाल डोक्यावर उचलून सैनिकांना हाक देतो. आईंनी ढाल उचलली, "गड्यांनो," म्हणाल्या आणि पुढचा शब्द तोंडातच राहिला. ढाल खाली आली. चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं?" सर.

"रुतते."

सर माझ्याकडे वळले. सगळ्या हॉलसमोर म्हणाले, "सूनबाई, एवढे दिवस काय करत होतात? नसेल जमत तर सांगा. आपण कापडी अंगरखा देऊ त्यांना."

"अंगरखा नाही," आई म्हणाल्या. "मी हेच घालणार."

आई चिलखत अंगावरच ठेवून घरी निघाल्या, मी त्यांच्या पुढं भराभर चालले. परसात आल्यावर पिशवी खाली टाकली. "उभ्या राहा. आता मी स्वतः आत हात घालून बघणार, नक्की कुठं रुततंय."

"राहू दे वं."

"राहू दे नाही! सरांनी मला चारचौघांत ऐकवलं. हात वर करा."

"वैजयंती, नको म्हणलं ना."

पूर्ण नावानं त्या मला कधी हाक मारत नसत, नेहमी वैजूच. पण मी इतकी तापले होते की ते माझ्या लक्षातही आलं नाही. मी डाव्या बाजूची नाडी सैल केली आणि पत्र्याखाली हात सरकवला. बोटांना पटकन सापडलं. टणक, सुपारीएवढं. मला एकदम हायसं वाटलं. एखादी जुनी रिबिट सुटून पदराच्या चुण्यांत अडकली असणार, इतकंच! मी ती चिमटीत धरून ओढायला गेले.

आई ओरडल्या.

मी हात काढून घेतला. आणि मग पुन्हा, हळूच, पदराच्या आतून घातला. त्यांनी आता अडवलं नाही. ती रिबिट नव्हती. ती त्यांच्या अंगात होती.

नळाखाली बादली भरत होती. ती भरून वाहायला लागली तरी आम्ही दोघी तशाच.

"कधीपासून आहे हे?"

"हाय. लय दिवसाचं."

"म्हणजे कधीपासून?"

"हे होते तेव्हापासून. तेव्हा बारीक होतं."

"मामाजींना माहीत होतं?"

"त्यायले कशाले सांगू? ते स्वतःच गादीवर पडून होते." त्या खांद्याचा पट्टा चाचपत म्हणाल्या, "घरात एक बिमार माणूस होतं. सारे जण पाय न वाजवता चालत होते. येणारा-जाणारा दारातून असा पाहून जाय, जसं आताच शेवटचं पाहून घ्याव. मले तसं कोणी पाहालेलं नको होतं. आन मंग हे नाटक आलं. मी म्हणलं, नाटक होऊन जाऊ दे. मंग सांगीन."

"सांगणार होतात?"

त्यांनी पदर नीट केला, आणि मला काय ते कळलं.

मी एवढी चिडले होते की मला रडूही येईना. इतके दिवस मी पत्रा घासत होते, ठोकत होते, फोम चिकटवत होते, आणि ही बाई समोर उभी राहून मला माप चुकलं म्हणत होती! मी दुकानाच्या मागच्या दारातून आत गेले आणि पत्रा कापायची मोठी कात्री घेऊन बाहेर आले.

"उद्या सकाळी अमरावतीला डॉक्टरकडे यायचं. नाही आलात तर हे चिलखत मी इथंच, तुमच्या डोळ्यांदेखत, फाडून टाकीन."

"लावून तर पाह्य हात!"

मी खालच्या वळवलेल्या कडेला कात्रीचं तोंड लावलं. चिलखत त्यांच्या अंगावरच होतं. आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो.

"आली तर नाटक करू देशीन?" शेवटी त्यांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"ते डॉक्टर सांगतील."

"तू सांग."

"डॉक्टर हो म्हणाले तर मी नाही म्हणणार नाही. तुमच्या मुलालासुद्धा म्हणू देणार नाही."

"ठेव ते कात्री," त्या म्हणाल्या. "आन नळ बंद कर."

प्रफुल्लला त्यांनी स्वतःच सांगितलं, जेवताना, भाजी वाढता वाढता. "उद्या दुकान बंद ठेव, मले दवाखान्यात न्याचं हाय," आणि कशासाठी ते एका वाक्यात. तो ताटावरून उठला आणि बाहेर जाऊन न विकलेल्या कूलरच्या पेटीवर बसून राहिला. आई मागून ओरडल्या, "ताट धुवून जा, मी नाही उचलणार!" तो आत आला आणि खरंच ताट धुवायला घेतलं.

अमरावतीच्या डॉक्टर बाई होत्या, वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी तपासलं, सुईनं नमुना घेतला, काही फोटो काढायला लावले. रिपोर्ट यायचा होता, पण ऑपरेशन करावंच लागेल हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. आईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाटक झाल्यावर चालते काय?"

"कसलं नाटक?"

मी सांगितलं. चिलखताचंही सांगितलं. डॉक्टर बाईंनी आधी आईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही याच्यावर पत्रा बांधत होता?"

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"हिले काही ठाऊक नव्हतं," आई लगेच मध्ये पडल्या. "हिच्यावर कावू नका. हिनं लय मेहनत केली."

माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा त्या माझ्या बाजूनं बोलत होत्या, आणि तेही एका परक्या बाईसमोर. मी खिडकीबाहेर पाहिलं.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "विसर्जनापर्यंत थांबलात तर फार बिघडणार नाही. इतके महिने घालवलेच आहेत. पण त्यानंतर एकही दिवस नाही. आणि त्या जागेवर दाब पडता कामा नये. अजिबात."

परत आल्यावर मी चिलखत पुन्हा उपडं केलं. या वेळी काम तासाभरात झालं. कारण आता मला ठाऊक होतं, आत काय आहे आणि नेमकं कुठं. आई आतल्या खोलीत बसल्या, मामाजींचा सदरा घातला आणि माझं बोट धरून जागा दाखवली. मी जाड फोमची चकती कापली, तिच्या मधोमध भोक पाडलं, जखमेभोवती ठेवतात तसं, आणि ती पत्र्याच्या आत चिकटवली. भार सगळा कडेकडेनं जाईल, मधली जागा मोकळी. फुगवलेला भाग आता बरोबर कामाला आला. मी पट्टे बांधले, नाडी ओढली.

"रुततं?"

आईंनी डावा हात वर केला. खाली घेतला. परत वर केला, पार डोक्यापर्यंत. "नाही," त्या म्हणाल्या. आणि एवढ्यावर थांबल्या तर त्या आई कसल्या. "पण हा रेक्झिनचा रंग मले आवडला नाही."

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव त्यात अडकणार नाही. रिपोर्ट वाईटच आला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना भरती केलं. ऑपरेशन झालं, मग केमो आणि रेडिएशनचा शेक घ्यायला नागपूरला खेपा झाल्या, केस गेले, परत आले. घरात कुणी पाय न वाजवता चाललं की त्या आतून ओरडायच्या. डॉक्टर बाईंनी नंतर मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं की आणखी एक गणपती त्यांनी असाच काढला असता तर काही करता आलं नसतं. आई आजही आहेत. आज सकाळीच पोह्यांत मीठ जास्त झाल्याचं त्यांनी मला ऐकवलं.

पण मला सांगायचंय ते नाटकाच्या संध्याकाळचं.

मंडप भरला होता. काळमेघबाई पहिल्या रांगेत. आई आल्या तेव्हा आधी थोडं हसू फुटलं, त्या बुटक्या, भरीव, चंदेरी आकृतीला पाहून. मग त्यांनी तोंड उघडलं. आवाज मामाजींइतका मोठा नव्हता, पण लोक तो ऐकायला पुढं वाकले. ढाल उचलली तेव्हा मी विंगेत नखं खात होते. ढाल वर गेली आणि वरच राहिली.

शेवटच्या प्रवेशात गडाचा दरवाजा फुटतो आणि किल्लेदार लढता लढता कोसळतो. त्याच्या पडण्यावर पडदा. पडद्याची दोरी धरून मंडळाचा माणूस तयार होता. शत्रूचे सैनिक झालेली पोरं आली, त्यांनी लाकडी तलवारी चालवल्या, आईंना खोटे खोटे वार लागले. आणि आई उभ्याच.

"पडा," सर विंगेतून कुजबुजले. "वहिनी, पडा!"

पोरांनी गोंधळून आणखी दोन-दोन वार केले. आईंनी तलवार जमिनीवर टेकवली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि समोर पाहिलं. त्यांना वाक्य नव्हतं. नाटकात त्यापुढं काही लिहिलेलंच नव्हतं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, धापा टाकत. पोरं एक पाऊल मागं सरली, मग आणखी एक. दुसऱ्या विंगेत प्रफुल्ल उभा होता, त्यानं तोंडावर रुमाल धरला होता. शेवटी सरांनीच कपाळावर हात मारून पडदा ओढायला सांगितला आणि बाहेर जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो पडद्याच्या आत आम्हाला कितीतरी वेळ ऐकू येत होता.

मी धावत जाऊन आईंना धरलं. सदरा घामानं चिंब झाला होता.

"वहिनी, नाटकाची वाट लावलीत!" सर आले ते हातवारे करत. "किल्लेदार मरतो! माझं नाटक त्याच्यावरच तर उभं आहे!"

"मले काय सांगता? हिले सांगा." आईंनी माझ्याकडे बोट केलं. "हिनं हे इतलं बरोबर बसवलं का मले वाकताच येईना. कशी पडू मी?"

सरांनी माझ्याकडे रागानं पाहिलं आणि निघून गेले. थोड्या वेळापूर्वीच, दोन प्रवेशांच्या मध्ये, त्याच चिलखतात वाकून आईंनी खाली पडलेली तलवार उचलली होती. मी समोरच होते. आईंच्या मागं जाऊन मी नाडीची गाठ शोधू लागले. घामानं ती आवळली होती, लवकर सुटेना.

"राहू दे थोडा वेळ," आई म्हणाल्या. "आता काही घाई नाही."